नाव छपरावर, पुतळा दारात

सकाळी सातच्या सुमारास महात्मा फुले मंडईत शिरावे. ओट्यावर बसलेल्या मावशी मेथी झटकून जुड्या लावत असतात, हमाल पाठीवरची गोणी सावरत गर्दीतून वाट काढत असतात, लाल भोपळ्याची फोड किती जाड कापायची यावरून कुणीतरी हुज्जत घालत असते. बाहेर आले की लोकमान्य टिळकांचा पुतळा. आदल्या कुठल्या तरी कार्यक्रमाचा हार गळ्यात सुकलेला असतो आणि आसपास रिक्षा, हातगाड्या, भरलेल्या पिशव्या खाली टेकवून दम खाणारी माणसे. तिथेच लिंबू-मिरची विकणाऱ्या एका बाईंना एकदा विचारले, "मावशी, हा पुतळा कधीचा हो?" त्या म्हणाल्या, "माझ्या आजेसासूच्या वेळेपासनं आहे." वर्ष त्यांना ठाऊक नव्हते. पण अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची मिरवणूक इथूनच निघते, हे त्यांनी न विचारता सांगितले.

स्वातंत्र्याचा क्षण दगडात किंवा धातूत कसा धरून ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. स्मारक ठरले की चर्चा उंचीची होते, खर्चाची होते, भूमिपूजन कुणाच्या हस्ते याची होते. आठवण कोणत्या क्षणाची ठेवायची, तो क्षण कुणाच्या वाट्याला आला होता, आणि त्या जागी आलेल्या माणसाने तिथे काय करावे, हे मागे राहते. त्याचा विचार करायला मंडईइतकी चांगली जागा पुण्यात नाही. इथे स्वातंत्र्याच्या दोन कल्पना शेजारी उभ्या आहेत, आणि त्या दोघींचे एकेकाळी कडाक्याचे भांडण झालेले आहे.

आधी पुतळा. त्याचे अनावरण २२ जुलै १९२४ रोजी पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २२ जुलै १९०८ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. त्याआधी १८९७ मध्ये याच आरोपाखाली त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. सरकारने दोनदा राजद्रोही ठरवलेल्या माणसाचा पुतळा त्याच सरकारच्या अमलाखाली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांत, भर बाजारात उभा राहिला. आणि त्या बाजाराला तेव्हा नाव होते मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. त्या काळात हे किती अवघड होते, ते पुण्यातल्याच दुसऱ्या पुतळ्यावरून कळते. शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली, आणि १९२८ मध्ये त्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण गव्हर्नरांनी केले. महाराजांच्या स्मारकालाही राजपुत्राचा हात लागला. मंडईतल्या समारंभाला तो लागला नाही. स्वराज्य पक्षाचा नेता आला, त्याने पडदा ओढला.

म्हणजे पुतळा उभारणे हेच एक स्वातंत्र्याचे कृत्य होते. पण पुतळ्याकडे पाहून यातले काहीही समजत नाही. दिसतात ते टिळक. १९२४ साली भीती मोडून त्यांना इथे आणणारे पुणेकर दिसत नाहीत. व्यक्तीच्या पुतळ्याची ही पहिली उणीव नोंदवून पुढे जाऊ.

आता इमारत. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि चहूबाजूंनी पसरलेल्या पाखांची ही दगडी वास्तू १८८६ मध्ये सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. ही इमारत उभारण्याचा विषय नगरपालिकेत निघाला तेव्हा एका सभासदाने कडाडून विरोध केला. १८७६ मध्ये सभासद झालेले ते जोतीराव फुले. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे होते. हरी रावजी चिपळूणकरही त्यांच्या बाजूने होते. विरोध टिकला नाही, मंडई झाली. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट' या नावाच्या जागी 'महात्मा फुले मंडई' हे नाव आले. जी इमारत बांधूच नये असे फुल्यांना वाटत होते, तिच्यावर आज त्यांचे नाव आहे.

या दोन नावांमधला काळ कसा गेला, हे ठाऊक असल्याशिवाय मंडई कळत नाही. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर अडकले, तेव्हा त्यांना जामीन राहिले ते फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे. डोंगरीच्या तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांच्या सत्कारात सत्यशोधकांनी भाग घेतला. पुढे वाटा फाटल्या. मुलींचे शिक्षण, संमतिवयाचा कायदा, जातीचा प्रश्न, या प्रत्येक ठिकाणी टिळकांची भूमिका फुल्यांच्या विचारांच्या विरुद्ध टोकाला गेली. टिळकांचा पुतळा उभा राहिल्यानंतर वर्षभरात, १९२५ मध्ये, केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारावा असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. त्या संतापातून दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. टिळकांवर आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर त्यात जहरी टीका होती. खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सोडवले.

एवढे सगळे या दोन नावांच्या पोटात आहे. परकी सत्ता जावी, हे एक स्वातंत्र्य. आपल्याच समाजाने घातलेल्या बेड्या तुटाव्यात, हे दुसरे. पहिल्याचा माणूस दारात उभा आहे, दुसऱ्याचे नाव छपरावर आहे, आणि दोघांच्या मधून रोज माणसे टोमॅटो घेऊन जातात. हे दृश्य कुणी कागदावर आखलेले नव्हते. एका ठरावाने पुतळा आला, दुसऱ्या ठरावाने नाव आले. आज नव्याने स्मारक करताना आपल्याला तेच जाणीवपूर्वक करायचे असते. म्हणून त्यातले काय घ्यावे आणि काय टाळावे, हे दोन्ही बाजूंनी तोलून पाहिले पाहिजे.

व्यक्तीच्या पुतळ्याची बाजू भक्कम आहे. ती नाकारणाऱ्यांनी आपली माणसे नीट पाहिलेली नाहीत. आपल्याकडे आठवण ठेवणे म्हणजे काहीतरी वाहणे. हार घालायला गळा लागतो, डोके टेकवायला पाय लागतात, लहान मुलाला कडेवर उचलून "हे बघ, हे टिळक" म्हणून दाखवायला चेहरा लागतो. मंडईतल्या पुतळ्यापासून विसर्जन मिरवणूक निघते, म्हणून वर्षातून एकदा तरी अख्खे शहर त्याच्याकडे वळून बघते. गावोगावचे बाबासाहेबांचे पुतळे तर याहून मोठे काम करतात. ज्या वस्तीला शतकानुशतके गावाच्या मध्यावर उभे राहू दिले नाही, तिचा माणूस चौकात, हातात पुस्तक घेऊन, बोट पुढे करून उभा आहे. तिथल्या माणसाला 'प्रतीकात्मक शिल्प जास्त चांगले' हे सांगायला जाणे म्हणजे त्याच्या वाट्याला आत्ता कुठे आलेली जागा पुन्हा काढून घेणे होय.

पण पुतळ्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. स्वातंत्र्याचा क्षण एका माणसाचा क्वचितच असतो. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांचा चेहरा कुणाच्याच चौथऱ्यावर नाही. पुतळा माणसाला त्याच्या चुकांसकट उभा करू शकत नाही. त्याला उंचावर नेतो आणि वाद घालणारे खाली राहतात. मग पुतळ्याच्या मालकीवरून ओढाताण सुरू होते. कोणी त्याला आपल्या जातीचा करतो, कोणी पक्षाचा. विटंबनेची एक अफवा गाव पेटवायला पुरते, आणि ज्याने विचार करायला शिकवले त्याच्याभोवती लोखंडी जाळी आणि पोलिसांची चौकी बसते.

दुसरा मार्ग घटनेचे स्मारक करण्याचा. मुंबईचा हुतात्मा चौक हे आपल्या घरचे उदाहरण. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांसाठी तिथे जे शिल्प उभे राहिले त्यात नेता कोणी नाही. एक शेतकरी, एक कामगार, आणि दोघांच्या हातात मशाल. या शिल्पाशेजारी १८६४ चे जुने कारंजे तसेच ठेवले, ही त्या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. इंग्रजांच्या काळातली फुलांची देवता आणि मराठी माणसाची मशाल एकाच चौकात आहेत. त्यामुळे गोळ्या कुठल्या शहरात, कुणाच्या आर्थिक राजधानीत झाडल्या गेल्या, ते न सांगता कळते.

स्मारकाचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे पुण्याजवळच्या भीमा कोरेगावने शिकवले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. त्यावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली. त्यातली 'नाक' या प्रत्ययाने संपणारी नावे महार सैनिकांची, आणि पेशवाईच्या अखेरीची आठवण सांगणारी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि साम्राज्याचा स्तंभ अस्पृश्यतेविरुद्धच्या स्वाभिमानाचा स्तंभ झाला. दगड तोच राहिला. कोरलेली नावे वाचणारी माणसे बदलली. हे घडू शकले, कारण स्तंभावर नावे होती. नुसताच सुळका असता तर त्यात कुणाला आपला पणजोबा सापडला नसता.

या बाबतीत रशियाइतके शिकवणारा देश दुसरा नाही. टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईच्या कामगारांनी केलेल्या संपाची दखल लेनिनने १९०८ मध्येच घेतली होती, तेव्हा मंडईचा आणि त्या देशाचा संबंध अगदीच नाही असेही नाही. सत्ता हाती येताच १९१८ च्या एप्रिलमध्ये लेनिनच्या सरकारने फर्मान काढले: झारांचे पुतळे हटवा, क्रांतिकारकांचे आणि विचारवंतांचे बसवा. वर्धापनदिनाआधी पुतळे हवेत म्हणून घाई झाली. प्लास्टर आणि कच्च्या काँक्रीटमधले कित्येक पुतळे टिकले नाहीत. मॉस्कोतला रोबेस्पिएरचा पुतळा तर काही दिवसांतच कोसळला. क्रेमलिनच्या भिंतीलगतच्या बागेत रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांचा स्तंभ होता. त्यावरची झारांची नावे खरवडून तिथे मार्क्स, एंगल्स, बाकुनिन अशी नावे कोरली. २०१३ मध्ये तीही गेली आणि पुन्हा झार आले. शंभर वर्षांत एकाच दगडाने दोनदा आपला इतिहास पुसलेला पाहिला. मुक्तीच्या नावाने उभारलेले स्मारक जेव्हा फक्त सरकारचे असते, तेव्हा ते पुढच्या सरकारच्या छिन्नीची वाट पाहत उभे असते.

त्याच शहरात एक वेगळा दगड आहे. उत्तरेकडच्या सोलोव्हेत्स्की बेटांवर सोव्हिएत काळातली पहिली मोठी छळछावणी होती. तिथला एक ओबडधोबड धोंडा 'मेमोरियल' या संस्थेच्या लोकांनी आणून ३० ऑक्टोबर १९९० रोजी लुब्यांका चौकात, गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर ठेवला. त्यावर चेहरा नाही, तलवार नाही, मशाल नाही. दहा महिन्यांनी, ऑगस्ट १९९१ चे बंड फसल्यावर, त्याच चौकातला गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा उंच पुतळा जमावाच्या जल्लोषात क्रेनने उतरवला गेला. क्षण स्वातंत्र्याचा होता, यात शंका नाही. पण मागे राहिला तो धोंडा. दरवर्षी २९ ऑक्टोबरला लोक तिथे रांगेत उभे राहत आणि मारल्या गेलेल्यांची नावे एकेक करून वाचत. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन नावे, वय, धंदा, गोळी घातल्याची तारीख. सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारा हा पाठ हेच खरे स्मारक होते. दगड त्याला फक्त टेकायला होता.

मात्र रशियाचे उदाहरण एकाच बाजूने सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'मेमोरियल' संस्था बरखास्त करण्याचा आदेश डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. चौकातला नामपाठ त्याआधीच, साथीचे कारण पुढे करून, थांबवला होता. २०२३ मध्ये झेर्झिन्स्कीचा नवा पुतळा परराष्ट्र गुप्तहेर खात्याच्या आवारात बसवला गेला. लोकांनी ठेवलेला दगडही लोकांना कायम राखता येतोच असे नाही. तरी एक गोष्ट उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी तुरुंगात मेल्याची बातमी आली तेव्हा मॉस्कोच्या माणसांना फुले कुठे ठेवायची हे कुणी सांगावे लागले नाही. पकडले जाऊ हे माहीत असून ते त्या धोंड्यापाशी गेले. १९९० मध्ये ज्यांनी तो ठेवला त्यांच्या मनात हा माणूस नव्हता. दगडाला चेहरा नव्हता, म्हणूनच त्याच्यापाशी नव्या दुःखाला जागा मिळाली.

त्याच मॉस्कोत सप्टेंबर २०२२ पासून आपला एक मराठी माणूस आहे: अण्णा भाऊ साठे. १९६१ मध्ये ते रशियाला गेले होते, आणि आता परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या शाहिराचा पुतळा पुस्तकांच्या सोबतीला असावा, हे मला फार योग्य वाटते. पुतळा कुणाचा, याइतकेच तो कशाच्या शेजारी, हे महत्त्वाचे असते.

आता पैशाचा प्रश्न. 'स्मारकावर कोट्यवधी घालता, त्यात शाळा झाल्या असत्या' हा आक्षेप हल्ली प्रत्येक स्मारकावर घेतला जातो, आणि तो घेणाऱ्याला बहुधा देशद्रोही किंवा रूक्ष ठरवले जाते. पण या आक्षेपाचा पुण्यातला मूळ पुरुष खुद्द जोतीराव फुले आहेत. त्यांनी तो स्मारकावर नव्हे, बाजारावर घेतला, एवढाच फरक. मग फुले चुकले का? त्यांचा प्रश्न अजिबात चुकला नव्हता. जिथे बहुसंख्य लोक निरक्षर होते तिथे नगरपालिकेच्या पैशावर पहिला हक्क शिक्षणाचा, हे आजही खोडता येत नाही. आणि तरीही मंडई उभी राहिली, तिने जवळजवळ १४० वर्षे शहराला जेवू घातले, हजारो कुटुंबांची चूल पेटती ठेवली, आणि 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पुण्याला दिला. निवडणुकीची हवा इथल्या कट्ट्यावर आधी कळते, असे पुणेकर म्हणतात ते या वादावादीमुळेच. फुल्यांच्या प्रश्नाला इमारतीने दिलेले हे उत्तर आहे: रोज उपयोगी पडून दिलेले, आणि म्हणून खरे. प्रत्येक नव्या स्मारकाला फुल्यांचा हाच प्रश्न विचारावा, आणि त्याच्याकडून मंडईसारखे उत्तर मागावे.

हा प्रश्न आज कुठे विचारायचा, ते मंडईपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर, भिडेवाडा होता. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. या शहरात स्वातंत्र्याचा याहून मोठा क्षण मी दाखवू शकत नाही. वाडा कित्येक वर्षे मोडकळीला आलेला, खाली दुकाने, आणि मालकी व भाडेकरूंच्या हक्काचे वाद न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने वाडा उतरवला आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी ताब्यात घेतली. ज्यांची पोटे त्या दुकानांवर होती त्यांची बाजूही होती, हे स्मारकाच्या आनंदात विसरू नये. मूळ भिंती गेल्या याची हळहळ बाळगणाऱ्यांचेही चुकत नाही. जुन्या विटेची जागा नवी वीट घेत नाही. तरी आता तिथे काय उभे राहावे, हे ठरवायची संधी आपल्याकडे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. सावित्रीबाईंची मूर्ती तिथे असावी, कारण आपल्या मुलींना तो चेहरा हवा आहे. पण मूर्ती माणसाच्या उंचीची, हात पोहोचेल अशी असावी. आणि वास्तूचा मोठा भाग शिकण्यासाठी असावा: संध्याकाळी आठ-नऊपर्यंत उघडी असणारी मुलींची अभ्यासिका, जिथे पेठेतल्या एका खोलीत सहा जण राहणाऱ्या घरातली मुलगी दहावीचा अभ्यास करू शकेल. भिंतीवर नेत्यांच्या तैलचित्रांआधी मुक्ता साळवेचा निबंध असावा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ते १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले. शाळा काढणाऱ्यांचे स्मारक करायचे असेल तर शिकलेल्या मुलीचे अक्षर त्याच्या मध्यभागी हवे.

आणि मंडईत? इथे नवा पुतळा नको, नवी कमान नको, रंगीत दिव्यांचे कारंजे तर नकोच. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. जिना चढून वर येणारा तरुण मोबाइलवर रस्ता शोधत पुढे निघून जातो. तो कुठे उभा आहे हे त्याला सांगणारे काही नाही. एक साधा, कमरेइतक्या उंचीचा बसाल्टचा कट्टा करावा, बसता येईल असा. त्यावर सोप्या मराठीत, बोटांना लागेल अशा खोल अक्षरांत चार-पाच ओळी असाव्यात. ही इमारत बांधू नये असे कोण म्हणाले आणि का. राजद्रोही ठरलेल्या माणसाचा पुतळा या शहराने कोणत्या साली कसा उभारला. १९२५ मध्ये दुसऱ्या पुतळ्याला याच शहराने नाही कसे म्हटले. आणि नाव कधी बदलले. खाली तीच माहिती ब्रेलमध्ये.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही दमदार आहेत. पहिला असा की, जखमेची खपली कशाला काढायची. टिळक आणि फुले आज सुखाने शेजारी नांदत आहेत, त्यांचे भांडण दगडावर कोरून नवे भांडण लावाल. ही भीती मला समजते. आपल्याकडे इतिहासाच्या एका वाक्यावरून दुकाने फुटतात. पण वाद लपवून आलेली शांतता फार पातळ असते. १८८२ च्या जामिनाची गोष्ट त्याच कट्ट्यावर लिहिली, तर वाचणाऱ्याला हेही कळेल की पुढे विरोधात गेलेल्या माणसांना जामीन राहायला फुल्यांचेच स्नेही धावले होते. दुसरा आक्षेप असा की, बाजारात आलेला माणूस वाचत नाही. खरे आहे, बहुतेक वाचणार नाहीत. पण आईबरोबर आलेले, पिशवी धरून कंटाळलेले एखादे पोर वाचेल. हुतात्मा चौकातही हजारात एखादाच थांबतो, आणि त्या एकासाठीच नावे कोरलेली असतात.

रचनाकारांनाही एक मागणे आहे. स्पर्धा घ्या, मातीचे नमुने आठवडाभर मंडईतच मांडा, गाळेधारकांना, हमालांना, मेट्रोने येणाऱ्यांना मत देऊ द्या. देखभालीचा पैसा उद्घाटनाच्या खर्चाआधी बाजूला काढा. धूळ खाणारे स्मारक विस्मरणापेक्षा वाईट. आणि त्या जागी बोलायला, जमायला, फलक धरून उभे राहायला मोकळी जमीन सोडा. स्वातंत्र्याच्या स्मारकाभोवती जर परवानगीशिवाय चार माणसे उभी राहू शकत नसतील, तर ते स्मारक आपल्याच मजकुराला खोटे पाडते.

त्या लिंबू-मिरचीवाल्या मावशींना पुतळ्याचे वर्ष माहीत नव्हते, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले होते. नंतर लक्षात आले की ते सांगायचे काम त्यांचे नव्हतेच. ते शहराचे होते, आणि शहराने शंभर वर्षांत ते केले नाही. त्यांचे काम त्या करत होत्या. दारातल्या पुतळ्याच्या आणि छपरावरच्या नावाच्या मध्ये बसून, स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवत होत्या, आणि पटला नाही तर गिऱ्हाइकाला परत पाठवत होत्या. त्यांच्या समोरच्या त्या कट्ट्यावर उद्या अक्षरे कोरली जातील तेव्हा त्यांची नात ती त्यांना वाचून दाखवू शकेल, एवढी शाळा तिला मिळालेली असावी. फुल्यांनी नगरपालिकेच्या सभेत मागितले होते ते एवढेच.